घरचं मुठेलाचं क्रीम: नोव्हेंबर ते जुलै

दिवाळी सरली की माझ्या नडग्या पाटीसारख्या होतात. नख ओढलं की पांढरी रेघ. नाशिकची थंडी, त्यात मला आंघोळीला कढत पाणी लागतं आणि साबण चोळल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. मग रात्रभर खाज.

सासुरवाडी कुडाळकडची, त्यामुळे घरात मुठेल असतंच. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारं तेल निवलं की मुठीत दाबून गोळे वळतात, म्हणून मुठेल. गोव्यात हेच भिरंडेल. टाचांच्या भेगांवर बायको ते चमच्यात वितळवून लावते. पण गोळा मेणबत्तीसारखा टणक. सगळ्या अंगाला लावायचा म्हणजे शिक्षाच. म्हणून त्याचं क्रीम करायचं ठरवलं.

पहिला घाणा वाया गेला. व्हिडिओत बघून कुंडीतल्या कोरफडीचा ताजा गर घातला होता. दिसायला लोण्यासारखं सुंदर, आणि बाराव्या दिवशी झाकणाच्या कडेला हिरवे-काळे ठिपके. त्यात ई-जीवनसत्त्वाच्या दोन कॅप्सूल फोडल्या होत्या, तरीही. त्या कॅप्सूलमुळे तेल खवट व्हायला वेळ लागतो, बुरशी थांबत नाही. पाणी असलेल्या क्रीमला खरं प्रिझर्व्हेटिव्ह लागतं, आणि त्याचं मोजमाप घरी करण्याच्या भानगडीत मला पडायचं नव्हतं. तेव्हापासून पाण्याचा थेंबही घालत नाही. बरणी आणि चमचासुद्धा कोरडे ठणठणीत.

आता ठरलेलं माप: मुठेल ३० ग्रॅम, तिळाचं तेल ५० ग्रॅम, खोबरेल २० ग्रॅम. वजनकाट्यावरच मोजतो, चमच्याने अंदाज चुकतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात स्टीलचा डबा ठेवून मुठेल वितळवायचं, फडक्यातून गाळायचं (गावच्या गोळ्यात बियांचा चुरा असतो), मग बाकीची तेलं. डबा थंड पाण्यात धरून ढवळत राहायचं, कडेला साय धरल्यासारखं पांढुरकं झालं की रवीने घुसळायचं. ताकाची रवी वापरली म्हणून घरात दोन दिवस अबोला होता. आता ती रवी माझी आणि ताकाला नवी आली.

पहिले तीन आठवडे मी निराश होतो. टॉवेलने खसाखसा अंग पुसून, कपडे घालायच्या आधी लावायचो. वर तेलकट, आतून कातडी तशीच ताणलेली. चूक माझी होती. या क्रीममध्ये पाणी नाहीच, तर ते ओलावा देणार कुठून? कातडीत असलेला ओलावा उडू न देणं, एवढंच त्याचं काम. मग अंग नुसतं टिपून, दमट असतानाच लावायला लागलो, एका पायाला हरभऱ्याएवढे दोन गोळे. पाणीही कोमट केलं. पंधरा दिवसांत नडग्यांवरची पांढरी रेघ गेली. अर्धं श्रेय कोमट पाण्याचं, हे बायकोने मला वारंवार सांगितलंय.

कोपर, नडग्या, हाताची बोटं यांना पूर्ण गुण. माझ्या टाचेच्या खोल भेगांना मात्र नाही. त्यासाठी औषधाच्या दुकानातून युरियाचं क्रीमच आणावं लागलं, भेग भरल्यावर हे चालतं. तोंडाला लावू नका. आठवड्यात कपाळावर पुटकुळ्या आल्या.

एप्रिलमध्ये बरणीत नुसतं तेल. साहजिक आहे, खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं आणि मुठेल चाळिशीच्या आत-बाहेर. रात्री परत थिजलं ते रवाळ, अंगावर साखर चोळल्यासारखं. सावकाश निवलं की असं होतं. पूर्ण वितळवून झटकन गार केलं की पुन्हा मऊ. पुढच्या घाण्यात ५ ग्रॅम मधमाशांचं मेण घातलं तेव्हा उन्हाळा निभावला, पण थोडं चिकट झालं.

दोन गोष्टी कुणी आधी सांगायला हव्या होत्या. भांडी बेसिनमध्ये धुऊ नका. पाइपात मुठेल थिजलं आणि प्लंबर बोलवावा लागला. आधी वर्तमानपत्राने पुसून घ्या. आणि तळपायाला लावून ओल्या फरशीवर पाऊल टाकू नका. मी टाकलं होतं.

पैसे वाचतील म्हणून कुणी हे करू नये. साधी पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि ओलावा धरण्यात या क्रीमहून सरसच. मला तिळाचा वास आणि हाताखाली पटकन विरघळणं आवडतं, म्हणून करतो. पावसाळ्यात अंगाला लावणं बंद केलंय, नुसती चिकचिक होते.

मे महिन्यात कुडाळहून चार गोळे आणले. डब्यात दोनच आहेत. उरलेले बायकोने तिच्या टाचांसाठी कुठेतरी दडवलेत, आणि मी विचारलेलं नाही.