डुलूथमधील सरोवरकाठचे घर आणि भाड्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

उन्हाळी सुट्टीसाठी अमेरिकेत घर भाड्याने घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी, विशेषतः भारतातून आलेल्या आईवडिलांना सोबत घेऊन निघणाऱ्यांनी, हा अनुभव वाचावा म्हणून तो सविस्तर लिहीत आहे. मिनेसोटा राज्यातील डुलूथ या बंदराच्या शहरात आम्ही ज्या घरासाठी पैसे भरले, ते घर कोणी भाड्याने देतच नव्हते. घर खरे होते, पत्ता खरा होता, छायाचित्रे त्याच घराची होती आणि करारावरचे मालकिणीचे नावही खरे होते. पैसे घेणाऱ्या माणसाचा मात्र या कशाशीही संबंध नव्हता. ‘फार स्वस्त दिसले तर सावध व्हा’ हा नेहमीचा सल्ला इथे उपयोगी पडला नसता, कारण घराचे भाडे स्वस्त नव्हतेच.

डुलूथ हे सुपिरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला वसलेले शहर आहे आणि मिनियापोलिसहून गाडीने तिथे साधारण अडीच तासांत पोहोचता येते. मिनेसोटातील लोहखाणींचे खनिज इथपर्यंत रेल्वेने येते आणि हजार फूट लांबीच्या जहाजांत भरून सरोवरांच्या मार्गाने पोलादाच्या कारखान्यांकडे रवाना होते. १९५९ साली सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाल्यापासून अटलांटिक महासागरातून सुमारे ३,७०० किलोमीटर आत येऊन समुद्री जहाजेही इथे धक्क्याला लागतात. माझ्या वडिलांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत झाली. गोड्या पाण्यावरचे इतके मोठे बंदर त्यांना दाखवावे, आईला जुलैमध्येही थंड राहणाऱ्या त्या हवेत विश्रांती मिळावी आणि मुलांना वाळूत खेळता यावे, एवढ्यासाठीच आम्ही हे शहर निवडले होते.

इथला उन्हाळा छोटा असतो. जून ते ऑगस्ट या काळात कॅनॉल पार्क भागातील हॉटेलांचे दर चढतात आणि शनिवार-रविवारच्या खोल्या फार आधी भरून जातात. त्यातच पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्यास शहराचा परवाना लागतो आणि अशा परवान्यांच्या संख्येवर मर्यादा आहे. रहिवासी वस्त्यांची शांतता टिकावी म्हणून केलेला हा नियम मला योग्यच वाटतो, पण त्यामुळे कायदेशीर भाड्याची घरे मोजकीच राहतात आणि लोकांना घर लगेच पक्के करण्याची घाई होते. फसवणारे नेमक्या याच घाईवर विसंबून असतात.

जाहिरातींच्या एका मोठ्या संकेतस्थळावर आम्हाला पार्क पॉइंटवरील घर दिसले. पार्क पॉइंट ही सरोवर आणि बंदर यांच्यामध्ये पसरलेली, सुमारे सात मैल लांबीच्या वाळूच्या पट्टीवरची वस्ती आहे आणि शहरातून तिथे गाडीने जायचे तर १९०५ साली बांधलेल्या एरियल लिफ्ट ब्रिजवरूनच जावे लागते. पुढे १९२९-३० मध्ये या पुलाची रचना बदलण्यात आली आणि तेव्हापासून जहाज आले की पुलाचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. जाहिरातीतील घर दोन शयनगृहांचे होते, मागच्या दाराबाहेर पडले की वाळूच्या टेकड्या आणि त्यापलीकडे पाणी. आठवड्याचे भाडे २,१०० डॉलर होते, म्हणजे आजूबाजूच्या घरांपेक्षा थोडेसेच कमी.

आम्ही संदेश पाठवल्यावर तासाभरात फोन आला. क्रमांकाची सुरुवात २१८ने होत होती, जो उत्तर मिनेसोटाचा क्षेत्र क्रमांक आहे. इंटरनेटवरून असा क्रमांक कुठूनही घेता येतो, हे इथे नमूद करायला हवे. बोलणारा माणूस अतिशय अगत्याने बोलत होता. घर आपल्या आईचे असून त्याची सगळी व्यवस्था आपण पाहतो, असे त्याने सांगितले. आमच्यासोबत ज्येष्ठ माणसे आहेत हे कळताच तळमजल्यावरची खोली त्यांना द्या, न्हाणीघर तिथून जवळ आहे, असे तो म्हणाला. पूल कधी उचलला जाईल याचा नेम नसतो, तेव्हा आगगाडीची सफर आरक्षित केली असेल तर घरातून अर्धा तास आधी निघा, अशी सूचनाही त्याने आपणहून केली. स्थानिक माणसालाच सुचावी अशी ही गोष्ट होती आणि तिनेच आमचा विश्वास बसला. पूल उचलण्याच्या वेळा आणि परिसराची माहिती कोणालाही घरबसल्या मिळते आणि विश्वास संपादन करण्यासाठी ती मुद्दाम गोळा केली जाते.

आम्ही चौकशी न करता पैसे दिले, असे झाले नाही. डुलूथ ज्या सेंट लुईस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात येते, तिच्या मालमत्ता नोंदी सर्वांना पाहता येतात. आम्ही त्या पत्त्यावरची नोंद काढली, तेव्हा मालकीण म्हणून एका बाईंचे नाव होते आणि भाडेकरारावरही तेच नाव, तशीच सही होती. घराची चित्रफीत मागितली, तीही लगेच आली. स्वयंपाकघरापासून मागच्या अंगणापर्यंत सगळे घर तीत व्यवस्थित दिसत होते. हे सगळे कुठून आले, ते नंतर कळले. मालकिणीचे नाव त्याने आम्ही पाहिलेल्या त्याच सार्वजनिक नोंदीतून घेतले होते. घर काही वर्षांपूर्वी विक्रीला काढले होते, तेव्हाची छायाचित्रे आणि चित्रफीत मालमत्ताविक्रीच्या संकेतस्थळांवर तशीच राहिली होती. म्हणजे आम्ही जिथे पडताळणी केली, तिथूनच त्याने आपले सोंग उभे केले होते.

पैशांचा विषय आला तेव्हा कार्डाने घेतल्यास आपल्याला शुल्क पडते, बँकेच्या ॲपमधून थेट पाठवल्यास तेवढी रक्कम तुमच्या भाड्यातून वजा करतो, असे त्याने सुचवले. निम्मे भाडे आधी गेले. उरलेले भाडे आणि ३०० डॉलर अनामत रक्कम निघण्याच्या आधीच्या आठवड्यात गेली. दाराच्या कुलपाचा आकडा निघण्याच्या दिवशी सकाळी पाठवायचे ठरले होते. त्याऐवजी सकाळी संदेश आला की, अनामत रक्कम यंत्रणेत अडकली आहे, ती पुन्हा पाठवा, आधीची आपोआप परत येईल. माझ्या पतींनी फोन केला तेव्हा तो उचलला गेला, बोलणे अर्धवट तुटले आणि त्यानंतर तो क्रमांक कधीच लागला नाही.

आम्ही तरीही डुलूथला गेलो, कारण घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काहीच ठरवता येत नव्हते. दार एका वृद्ध बाईंनी उघडले. त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही. दाराशी उभे असलेले आईबाबा, मुले आणि सामान पाहून त्यांनीच विचारले, “तुम्हीही पैसे भरलेत का?” त्याच उन्हाळ्यात आमच्याआधीही काही कुटुंबे असेच सामान घेऊन त्यांच्या दारी आली होती. त्यांनी आईबाबांना आत बसवले, पाणी दिले आणि पोलिसांचा क्रमांक लिहून दिला. स्वतःचे घर असे परक्या माणसाने परस्पर भाड्याने द्यावे, याचा त्यांना होणारा त्रासही कमी नव्हता. रात्री अनोळखी गाडी दारासमोर थांबली की झोप उडते, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या दारापर्यंत लाकडी उतार बांधलेला होता. जाहिरातीच्या एकाही छायाचित्रात तो नव्हता, पण नकाशाच्या ॲपवरील रस्त्याच्या ताज्या दृश्यात तो स्पष्ट दिसतो. जाहिरातीतले घर आणि रस्त्यावरून दिसणारे घर शेजारी ठेवून पाहिले, तर छायाचित्रे जुनी असल्याचे कळते.

शनिवार असल्यामुळे डुलूथमध्ये आम्हा सर्वांना पुरेल अशी जागा मिळाली नाही. संध्याकाळी खाडीपलीकडे, विस्कॉन्सिनमधल्या सुपिरियर शहरात दोन खोल्या मिळाल्या. दिवसभराच्या प्रवासाने आईचे गुडघे सुजले होते. मला सर्वांत जास्त राग त्याचा आहे, पैशांचा नंतर.

नोंदीतील नाव जुळणे पुरेसे नाही, हे आता लक्षात आले आहे. मग काय पुरेसे आहे, हे मी पोलीस, बँक आणि शहराचे कार्यालय यांच्याशी बोलून समजून घेतले. डुलूथमध्ये पर्यटकांना दिलेल्या प्रत्येक घराला परवाना लागतो, त्यामुळे शहराच्या नियोजन विभागाला फोन करून पत्ता सांगितला की, त्या घराला परवाना आहे की नाही ते कळते. ‘आमच्या’ घराला परवाना नव्हता. अमेरिकेतील अनेक पर्यटनस्थळी अशी परवाना पद्धत आहे. फोन क्रमांक मात्र शहराच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा, घर देणाऱ्याने दिलेला वापरू नये. पाठवलेल्या चित्रफितीवर समाधान न मानता घरातून थेट व्हिडिओ कॉल करायला सांगावे आणि आपण सांगू ते कपाट, ती खिडकी उघडायला लावावी. ज्याच्याकडे किल्लीच नाही, त्याला हे जमत नाही.

पैसे कोणत्या मार्गाने द्यायचे, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशांना अमेरिकेत १९७४च्या कायद्याचे संरक्षण आहे. न मिळालेल्या सेवेचे बिल आले, तर ते पाठवले गेल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. बँक खात्यातून थेट पाठवलेल्या पैशांचे तसे नाही. तिथला कायदा प्रामुख्याने आपल्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे आणि आपण स्वतः ॲप उघडून पाठवलेली रक्कम, मग ती फसवणुकीमुळे का पाठवलेली असेना, परवानगीने दिलेली मानली जाते. आमच्या बँकेने याच कारणाने परतावा नाकारला. म्हणूनच शुल्क वाचवण्याच्या नावाखाली कोणी कार्डावरून थेट हस्तांतरणाकडे वळवू लागले, तर घर कितीही आवडलेले असो, व्यवहार तिथेच थांबवावा. शे-दोनशे डॉलरची ती सवलत म्हणजे आपले कायदेशीर संरक्षण काढून घेण्याची किंमत असते.

फसवणूक झालीच, तर त्याच दिवशी आधी बँकेला कळवावे, कारण रक्कम पुढे सरकली नसेल तर ती अडवता येण्याची थोडी शक्यता असते. मग स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. एफबीआयचे इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्र आणि ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारे फेडरल ट्रेड कमिशन यांच्याकडे ऑनलाइन तक्रार करता येते. एकाच क्रमांकाबद्दल अनेक ठिकाणांहून तक्रारी आल्या, तर त्या तिथे जोडल्या जातात. पैसे भारतातील खात्यातून गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर जितक्या लवकर कळवता येईल तितके चांगले. अलिबाग किंवा लोणावळ्याचा बंगला सुट्टीसाठी घेतानाही हीच पद्धत वापरली जाऊ शकते, तेव्हा हा क्रमांक घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये आधीच भरून ठेवावा.

आमच्या मागे आणखी एक गोष्ट लागली, तिच्याबद्दलही सांगायला हवे. मी मदतीसाठी काही ठिकाणी हा प्रकार लिहिल्यावर थोड्याच दिवसांत एका माणसाचा संदेश आला. आपण सायबर तज्ज्ञ आहोत, तुमचे पैसे ज्या खात्यात गेले ते सापडले आहे, २०० डॉलर भरल्यास पूर्ण रक्कम परत मिळवून देतो, असे त्यात होते. सोबत सरकारी वाटेल असे ओळखपत्रही जोडलेले होते. एकदा फसलेल्या माणसांचा माग काढून त्यांना दुसऱ्यांदा लुबाडण्याचा हा स्वतंत्र धंदा आहे. कोणतेही सरकारी खाते तक्रारीवर काम करण्यासाठी किंवा गेलेले पैसे परत करण्यासाठी आधी शुल्क मागत नाही. तो संदेशही आम्ही पोलिसांकडे मूळ तक्रारीच्या क्रमांकासह पाठवला आहे.