‘दुर्मीळ पांढरं’ म्हणून गळ्यात मारलं जाणारं समुद्रफूल

मत्स्यालयाच्या दुकानात निळ्या दिव्याखाली पांढरं समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोनी हा समुद्री प्राणी, खरंच देखणं दिसतं. दुधासारखी पांढरी, बोटांएवढी शुंडकं, टोकांना जांभळी झाक आणि भोवती घुटमळणारी क्लाउनफिशची जोडी. विकणारा म्हणतो, “पांढरा रंग क्वचित येतो, पुढच्या मालात मिळेलच असं नाही.” साध्या तपकिरी ॲनिमोनीपेक्षा जास्त पैसे मोजून माणूस ते घरी नेतो आणि फसवणूक तिथेच पूर्ण होते.

पांढरं ॲनिमोनी ही वेगळी जात नाही. समुद्रफुलाच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा समुद्रफुलाला देतात. तो तपकिरी रंग त्यांचाच. वाहतुकीतला अंधार, तापलेलं किंवा घाण पाणी सोसावं लागलं की ही शैवालं निघून जातात आणि मागे रंगहीन मांस उरतं. सेबी नावाच्या ॲनिमोनीच्या जातीबाबत हे सर्रास चालतं: निरोगी सेबी बदामी-तपकिरी असतं, पांढरं सेबी उपाशी असतं. ज्यासाठी जादा पैसे घेतले जातात ती त्याची उपासमार आहे.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस ते छान फुलतं. मग आकसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “सेट होतंय, हात लावू नका.” यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते पटतं. निरोगी समुद्रफूलही पोटातली घाण बाहेर टाकायला काही तास आकसतं आणि पुन्हा फुलतं. पण दिवसेंदिवस लुळं पडून राहणं, तोंड आ वासलेलं असणं, आतला भाग बाहेर लोंबणं याला सेट होणं म्हणत नाहीत. शुंडकं बोटाला चिकटेनाशी झाली, अंगावरून चिकट तंतू सुटू लागले आणि पाण्याला कुजक्या मासळीचा वास आला, तर ते मेलेलं आहे. सकाळपर्यंत थांबू नका. रात्रभरात वाढलेला अमोनिया माशांनाही घेऊन जातो. पाण्याखालीच वाडग्यात धरून ते बाहेर काढा, पाव टाकी पाणी बदला, ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला आणि अमोनिया मोजा.

तक्रार केल्यावर येणारं शेवटचं उत्तर सगळ्यात वाईट: “यांचं आयुष्यच काही महिन्यांचं असतं.” हे धादांत खोटं आहे. निसर्गअभ्यासक जॉन डॅलिएल यांनी 1828 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेलं एक समुद्रफूल काचेच्या बरणीत 1887 पर्यंत जगलं. ते ‘ग्रॅनी’ म्हणून ओळखलं जायचं. ती जात वेगळी, थंड पाण्यातली. पण तीन महिन्यांत मरणं हा समुद्रफुलांचा स्वभाव नाही, एवढं सांगायला ते उदाहरण पुरेसं आहे.

पांढरं पडलेलं जनावर रंगवूनही विकतात: भडक पिवळं, गुलाबी, निळं. नैसर्गिक रंगाचीही सुंदर समुद्रफुलं असतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून निवाडा करू नका. खऱ्या रंगात शुंडकं, तोंडाभोवतीची चकती आणि खोड यांच्या छटा सहसा वेगवेगळ्या असतात. रंगवलेलं मात्र कापड बुडवून काढल्यासारखं वरपासून खालपर्यंत एकसारखं दिसतं. रंग हळूहळू उतरतो आणि खाली तेच उपाशी पांढरं शरीर निघतं.

जोडीची लालूचही तपासून घ्या. क्लाउनफिश निसर्गात समुद्रफुलांच्या दहा जातींतच राहतात. कॅरिबियनमधलं कॉन्डिलॅक्टिस त्यांत नाही, त्या समुद्रात क्लाउनफिशच नाहीत. “मासा लगेच त्यात जाऊन बसेल” हा शब्द म्हणूनच कुणी देऊ शकत नाही. आणि समुद्रफूल नसेल म्हणून टाकीतल्या क्लाउनफिशचं काही अडत नाही.

घेण्याआधी पांढरा दिवा लावायला सांगा. निळ्या उजेडात आजारी जनावरही चमकतं. तोंड घट्ट मिटलेलं हवं. तळ म्हणजे पाय काचेला किंवा दगडाला पक्का धरलेला हवा. ओढून काढताना पाय फाटलेलं समुद्रफूल सहसा वाचत नाही, म्हणून दगडासकट मिळालं तर उत्तम. कोळंबीचा छोटा तुकडा समोर टाकायला लावा: शुंडकांनी तो धरून तोंडाकडे न्यायला हवा. “आत्ताच खाल्लंय” म्हणाले तर दोन दिवसांनी जा. दुकानात येऊन दोन आठवडेही झाले नसतील तर तिथेच राहू द्या.

“कुठल्याही टाकीत राहतं” ही थापही नेहमीची. टाकी किमान सहा महिने चाललेली हवी. क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, विशिष्ट गुरुत्वात 1.025 ते 1.026, तीही 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग मीठ) द्रावणाने जुळवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, मोजलेली. तापमान 25-26 अंश, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) 8 ते 10 डीकेएच या एककात, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. उडालेल्या पाण्याची भर रोज गोड्या आरओ पाण्याने घाला. मिठाचं पाणी घातलंत तर क्षारता चढत जाते. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध पडलेल्या टाकीत समुद्रफूल ठेवू नका.

आणि “बसल्या जागी राहतं” हे तर मुळीच खरं मानू नका. उजेड किंवा प्रवाह मानवला नाही की ते पाय सोडून फिरतं आणि नेमकं रात्री पॉवरहेडच्या, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या, तोंडात जातं. जाळीच्या फटींतून शुंडकं आत ओढली जातात, पंख्यावर चिरडतात आणि सकाळी सगळी टाकी गढूळ असते. पंपाच्या तोंडाला जाड छिद्रांच्या स्पंजचं आवरण घाला, ते दर आठवड्याला धुवा, नाहीतर तुंबून पंप तापतो. हीटरभोवती आणि ओव्हरफ्लोलाही (पाणी टाकीबाहेर जायच्या वाटेला) जाळी लावा. बबल-टिप जातीला दगडातली खोबण द्या, सेबीला दगडालगतची खोल वाळू, आणि पाय धरेपर्यंत त्याच्यावर येणारा प्रवाह बंद ठेवा.

पांढरं आधीच घरी आलं असेल आणि तोंड अजून मिटलेलं असेल, तर आशा आहे. उजेड कमी ठेवा, कित्येक आठवड्यांत हळूहळू वाढवा. एकदम प्रखर दिवा त्याला सोसत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) किंवा कोळंबीचा वाटाण्याहून लहान तुकडा द्या. मोठा घास ते उलटून टाकतं आणि पाणी नासतं. क्लाउनफिश घास पळवत असेल तर भरवताना वर छिद्रांची वाटी पालथी घाला. दर आठवड्याला पांढऱ्या दिव्याखाली एकाच जागेवरून फोटो काढा. शैवालं परतायला काही महिने लागतात. शुंडकांवर चहाच्या पाण्यासारखी फिकट झाक दिसू लागली की ते पुन्हा स्वतःचं अन्न तयार करू लागलं आहे.