क्लबची वीकेंड स्कूबा डाईव्ह: मालवण की गोवा?
ठाण्याहून शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडायची, कुडाळला उतरलं की मालवण, बसून राहिलं की मडगाव. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ उथळ पाण्यातच कोरल आणि रंगीत मासे दिसतात, नवीन मेंबर घाबरत नाहीत, म्हणून पहिल्या ट्रिपला मी तरी मालवणच म्हणेन

पण बुडालेलं जहाज बघायचंय तर गोवा, ग्रँड आयलंडजवळचं सूझीज रेक, गंजलेल्या लोखंडात आख्खी माशांची वसाहत झालीय, भारी वाटतं!! फक्त पाणी कधीकधी गढूळ असतं आणि जहाजाच्या आत शिरायला वेगळं ट्रेनिंग लागतं, त्याशिवाय नकोच. आणि गोव्याहून रविवारी रात्रीची फ्लाईट अजिबात बुक करू नका, दोन दिवस डाईव्ह केल्यावर अंगात नायट्रोजन साठलेला असतो, विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो, म्हणून किमान 18 तास थांबायचं, नाहीतर सरळ ट्रेन