डॉक्टरांच्या नोंदणीच्या जुन्या याद्या : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझे पणजोबा डॉक्टर होते. त्यांची नोंद शोधण्यासाठी गेल्या पावसाळ्यात मी एका खासगी सेवेकडे पैसे भरून ब्रिटिशकालीन मुंबई इलाख्यातील नोंदणीकृत डॉक्टरांच्या एका छापील यादीची वीस पाने स्कॅन करून मागवली. आलेल्या प्रत्येक पानाची शिवणीकडची कड कापली गेली होती, आणि मला हवी असलेली नोंदणीची तारीख नेमकी त्याच कडेला होती. तक्रार केल्यावर 'मूळ पानच तसे आहे' एवढेच उत्तर मिळाले. मूळ पान तसे नाही, हे मी राज्य पुराभिलेखागाराच्या वाचनकक्षात बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून पुन्हा कोणाला पैसे दिले नाहीत. मागणीची चिठ्ठी भरायची, बाड येईपर्यंत थांबायचे आणि पेन्सिलीने उतरवून घ्यायचे, हीच पद्धत मी आठ महिने पाळली आहे.

१९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्यानुसार एक वैद्यक परिषद स्थापन झाली, ती डॉक्टरांची नोंदवही ठेवत असे आणि या छापील याद्या त्या नोंदवहीच्याच. एवढे सांगून मी थेट मुद्द्यावर येतो. या याद्यांचा सर्वांत मोठा दोष म्हणजे आडनावानुसार केलेली मांडणी. हा दोष किरकोळ आहे असे मला अनेकांनी सांगितले. माझ्या मते तो किरकोळ नाही, कारण माझे पहिले तीन महिने त्यातच गेले.

आपल्याकडे पणजोबांच्या पिढीपर्यंत आडनाव लावण्याची सवय सर्वांना नव्हती. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि १८५१ साली तेथून पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांतील भाऊ दाजी यांचे आडनाव लाड, आत्माराम पांडुरंग यांचे तर्खडकर. पण त्यांच्या काळात दोघेही ओळखले गेले ते स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने. हे दोघे नोंदणीच्या आधीच्या काळातले, परंतु ती रीत पुढेही चालू राहिली. त्यामुळे इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या यादीत एखादा माणूस आडनावाखाली सापडेल की वडिलांच्या नावाखाली, हे आधी सांगता येत नाही. त्यात अक्षरांचा घोळ वेगळाच. 'वैद्य' किंवा 'वाघ' लिहिताना कोणी व्ही वापरतो, कोणी डब्ल्यू. 'क्षीरसागर' एकाच्या हातून के खाली जातो तर दुसऱ्याच्या हातून एक्स खाली. माझे पणजोबा मला आमच्या आडनावाखाली कधीच मिळाले नाहीत. ते मिळाले त्यांच्या वडिलांच्या नावाखाली, आणि तेही मी दुसऱ्याच कोणाचे तरी नाव शोधत असताना. पदवी एल. एम. अँड एस. (त्या काळची डॉक्टरकीची पदवी), पत्ता पुण्यातील सदाशिव पेठ. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसून राहिलो. कागद इतका ठिसूळ झाला होता की पान उलटताना कोपऱ्याचा कपचा टेबलावर पडला, आणि कर्मचाऱ्यांनी तो उचलून त्याच पानात ठेवायला सांगितला.

येथपर्यंत माझे मत असे होते की या याद्या केवळ नाव खरे की खोटे हे पडताळण्यापुरत्या उपयोगी आहेत. पाचव्या महिन्यात ते बदलले. पत्त्याचा रकाना मी आरंभी निरुपयोगी समजत होतो, कारण तो जुनाट वाटत असे. एकामागून एक वर्षांच्या याद्या ओळीने पाहिल्यावर लक्षात आले की हाच रकाना माणसाचा प्रवास सांगतो. घरातल्या आठवणीनुसार पणजोबांनी पुण्याबाहेर पाऊल टाकले नव्हते. यादीत मात्र ते काही वर्षे मालवणात दिसतात आणि नंतर पुन्हा पुण्यात येतात. घरात जे कोणाला ठाऊक नव्हते ते एका सरकारी छापील रकान्याने सांगितले. आता कोणतीही एकच यादी पाहून निष्कर्ष काढू नये, किमान चार-पाच वर्षे सलग पाहावीत, असे मी आग्रहाने सांगतो.

एका गैरसमजाने मात्र मला फार त्रास होतो. यादीत नाव नाही म्हणजे तो वैदू किंवा भोंदू, असे नातेवाईक सर्रास बोलतात. १९१२ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्यास व्यवसाय करण्यास बंदी घातली नव्हती. नोंदणीकृत डॉक्टरांच्या दाखल्याला कायदेशीर मान्यता होती, फरक मुख्यतः तेथे पडत असे. वैद्य आणि हकीम यांच्या नोंदणीसाठी तर १९३८ चा स्वतंत्र कायदा यावा लागला, आणि त्याचे कागद वेगळ्या बाडांत शोधावे लागतात. ज्यांचे आजोबा आयुर्वेदाने उपचार करत होते, त्यांनी १९१२ च्या कायद्याखालील यादीत नाव न दिसल्याने खिन्न होण्याचे कारण नाही.

तसेच विदर्भातील कुटुंबांनी मुंबईच्या यादीत वेळ घालवू नये. विदर्भ तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. मध्य प्रांताचा नोंदणी कायदा १९१६ चा, नोंदवही निराळी. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. उलट धारवाड, बेळगाव, गुजरातमधील ब्रिटिश जिल्हे आणि १९३६ पर्यंत सिंध हे मुंबई इलाख्यात असल्याने कराचीचे पत्तेही याच पानांवर भेटतात.

खर्चाचे म्हणाल, तर आठ महिन्यांत वाचनकक्षातील छायाप्रतींवर जे गेले ते त्या कापलेल्या वीस पानांच्या रकमेच्या निम्मेही नाही. वेळ मात्र भरपूर लागतो. बाड मागवल्यावर त्याच दिवशी हाती येईलच असे नसते, म्हणून परगावाहून येणाऱ्यांनी दोन दिवस हाताशी ठेवून यावे आणि आडनाव, वडिलांचे नाव व शक्य तितकी इंग्रजी लेखने घरूनच लिहून आणावीत.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. १९३४ च्या यादीत पणजोबांचे नाव आहे, पुढच्या यादीत नाही. यादी कारण देत नाही. मृत्यू, व्यवसाय सोडणे की परिषदेने नाव काढणे, यांतले काहीही असू शकते. घरी १९३६ हे त्यांच्या निधनाचे वर्ष सांगतात. वंशावळीत मी ते खोडलेले नाही, पण शेजारी पेन्सिलीने १९३४ लिहून ठेवले आहे, आणि पुढच्या खेपेस परिषदेच्या पत्रव्यवहाराचे बाड मागवणार आहे.