मार्क्सिस्ट्स इंटरनेट अर्काइव्ह: ग्रंथालय उत्तम, नवख्याचे स्वागत अपुरे

समाजवादाकडे वळणारा माणूस सहसा स्वतःच्या जगण्यातला एखादा प्रश्न घेऊन येतो. कंत्राट दर वर्षी नव्याने का करावे लागते, पगार वाढूनही महिनाअखेरीस हात रिकामे का राहतात, असे ते प्रश्न असतात. ऑनलाइन समाजवादी गटांत मात्र तो रशियन क्रांतीनंतर एकमेकांचे विरोधक झालेल्या नेत्यांपैकी त्रॉत्स्कीच्या बाजूचा की स्टालिनच्या, याचीच आधी चौकशी होते आणि तो आल्या पावली परत जातो. म्हणूनच स्वयंसेवकांनी चालवलेल्या, कोणत्याही पक्षाशी बांधील नसलेल्या आणि पूर्णपणे मोफत असलेल्या मार्क्सवादी लेखनाच्या या ऑनलाइन संग्रहाचे परीक्षण करताना मी एकच कसोटी लावली आहे: ज्याला यातले काहीही ठाऊक नाही, त्याला हा संग्रह कसा सामावून घेतो?

पहिली जमेची बाजू म्हणजे इथला प्रामाणिकपणा. मार्क्सचा सहकारी एंगल्स याने 1847 मध्ये लिहिलेली ‘कम्युनिझमची तत्त्वे’ ही 25 प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका नवख्यासाठी सर्वांत सोपी आहे, कारण तिची सुरुवातच ‘कम्युनिझम म्हणजे काय?’ या प्रश्नाने होते. कामगार आणि हस्तव्यवसायी कारागीर यांच्यातला फरक विचारणाऱ्या नवव्या प्रश्नाखाली एंगल्सने हस्तलिखितात जागा कोरीच सोडली होती. संग्रहात ही गोष्ट न लपवता नोंदवली आहे आणि आधीच्या मसुद्यातले उत्तर तिथे वेगळे दाखवून दिले आहे. मोठ्या विचारवंताचे लेखनही अपुरे असू शकते, हे इतक्या मोकळेपणाने दाखवणारी संस्था नवख्याचा विश्वास चटकन मिळवते. सोबतच्या कोशात अनोळखी संज्ञा, व्यक्ती आणि घटना यांचे खुलासे मिळतात, त्यामुळे प्रत्येक शब्दासाठी कोणा जाणकाराकडे धाव घ्यावी लागत नाही आणि अडाणी ठरण्याची भीतीही उरत नाही.

माझी खरी तक्रार मांडणीबद्दल आहे. मुख्य ग्रंथसंग्रह लेखकांच्या नावांनुसार लावलेला आहे, म्हणजे जे शोधायचे ते आधीच माहीत असलेल्यांसाठी. जॉन वेस्टन या कामगार कार्यकर्त्याने असे मांडले होते की सर्वत्र मजुरी वाढली तरी कामगारांचा काही फायदा होणार नाही, कारण किमतीही वाढतील. मार्क्सने 1865 मध्ये पहिल्या इंटरनॅशनलच्या, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, सर्वसाधारण परिषदेपुढे त्याला सविस्तर उत्तर दिले आणि मजुरी वाढली की नफ्याचा वाटा कमी होतो, मालाची सर्वसाधारण किंमत त्यामुळे वाढत नाही, असे दाखवले. आज कोणत्याही कारखान्यात किंवा कार्यालयात पगारवाढीची मागणी निघाली की ‘मग महागाईही वाढेल’ हेच ऐकू येते. ते ऐकून आलेल्या माणसाला हे भाषण पहिल्याच पानावर, त्याच्याच प्रश्नाच्या शब्दांत भेटायला हवे. इथे ते लेखक आणि वर्ष यांच्या कप्प्यात पडून आहे. नवशिक्यांसाठी मार्गदर्शक पान आहे, पण तेही मुख्यतः वाचनयादीच आहे.

स्टालिन आणि माओ यांचे लेखन मुख्य लेखकांपासून वेगळे, संदर्भविभागात ठेवलेले आहे. त्यामागे संग्रहाचे काही निकष आहेत, परंतु ते नवख्याच्या सहज नजरेस पडत नाहीत. निवाडा करायला हरकत नाही, फक्त त्याचे कारण त्याच जागी दोन ओळींत सांगावे.

2014 मध्ये लॉरेन्स अँड विशार्ट या प्रकाशनसंस्थेने स्वामित्वहक्काचा आधार घेत मार्क्स-एंगल्स यांच्या 50 खंडांच्या समग्र वाङ्मयातला मजकूर 30 एप्रिलपर्यंत काढून टाकण्यास सांगितले आणि संग्रहाला तो काढावा लागला. कामगार दिनाच्या आदल्या दिवशी घडलेल्या या गोष्टीची मला आजही चीड येते, कारण समग्र खंड विकत घेणे नवख्याच्या आवाक्यातले नसते.

मराठी वाचकाला इंग्रजी येत असेल, तर संग्रह जरूर वापरावा, कारण त्याचा इंग्रजी विभागच सर्वांत समृद्ध आहे. भगतसिंगांनी ऑक्टोबर 1930 मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिलेला नास्तिकतेवरचा निबंध तिथे आहे. लहान आहे, आणि आपल्या वाचकाला तो लवकर जवळचा वाटेल. त्यानंतर एंगल्सची प्रश्नोत्तरे आणि मग वेस्टनला दिलेले उत्तर घ्यावे. मार्क्सच्या ‘भांडवल’ या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड तोवर बाजूला ठेवावा. मराठीतूनच वाचायचे असेल, तर मुंबईत प्रभादेवीच्या लोकवाङ्मय गृह या प्रकाशनसंस्थेत जाऊन पुस्तके चाळावीत.