मेका काढायला शिकताना: गंडम की एव्हांगेलियन?

भाचीला मेका, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनमधले माणसासारख्या घडणीचे अवाढव्य यंत्रमानव, रेखाटायला शिकायचंय, पण आधी गंडम गिरवावा की एव्हा, हे तिचं ठरत नाहीये.

१९७९च्या ‘गंडम’ मालिकेतला, कुनिओ ओकावारांनी घडवलेला गंडम मुळात ठोकळ्यांचा आहे. छाती, पोटरी, पाऊल, सगळे खोकेच. त्यामुळे यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) सराव पक्का होतो आणि चूक लपत नाही: एक कड तिरकी गेली की अख्खा खांदा वाकडा दिसतो. शिवाय त्याची जोडायची प्लास्टिक मॉडेल्स मिळतात. सांधे वळवायचे, दिवा हव्या त्या बाजूने ठेवायचा आणि समोर बघून काढायचं. पैसे लागतात, पण चित्र बघून चित्र काढण्यापेक्षा हे मला केव्हाही बरं वाटतं.

१९९५च्या ‘एव्हांगेलियन’ मालिकेतली एव्हा वेगळी. तिच्या चिलखताखाली जिवंत देह आहे: लांब हातपाय, बारीक कंबर, पुढे झुकलेली पाठ. इथे पट्टी कामाची नाही, शरीररचना यायला हवी. खर्च शून्य, आरसा पुरतो. मात्र बिघडलं तर नेमकं कुठे, हे नवख्याला उमगत नाही.

यंत्रं, वाहनं, इमारती काढायच्या असतील किंवा अगदी पहिलीच वही असेल, तर गंडम घ्या. माणसं आधीपासून काढत असाल आणि चित्रात हालचाल हवी असेल, तर एव्हा. भाचीची वही माणसांनीच भरलेली आहे. तिने एव्हाच घ्यावी.