बिडाचा तवा: गौरी-गणपतीपासून होळीपर्यंत वापरून लिहितेय

गौरींच्या आधी सोलापूरच्या मंगळवार पेठेतनं १२ इंची बिडाचा (कास्ट आयर्नचा) तवा आणला, आता होळी पण झाली, मधले सगळे सण ह्याच्यावरच निघाले म्हणून आता नीट लिहिते.

आधी पुरणपोळीचं सांगते, कारण घेतला त्याच्यासाठीच. पातळ नॉनस्टिकवर पोळी टाकली की तवा गार पडतो, मग पोळी वाळत बसते आणि चिवट होते. बीड जाड असल्यामुळे उष्णता धरून ठेवतं. तवा तापला की गॅस मध्यम करायचा, पोळी टाकल्यावर कडा सुटतात, वर छोटे फुगे येतात, तेव्हाच उलटायची. खालून बदामी ठिपके आणि आत पुरण मऊच, इतकी सुंदर भाजते की उलटताना मलाच बघत राहावंसं वाटतं!

संक्रांतीला शेंगापोळ्या (शेंगदाणा-गुळाच्या पोळ्या) केल्या. सिद्धेश्वराच्या यात्रेला पाहुणे होते, अक्षता सोहळा (सिद्धेश्वराचं प्रतीकात्मक लग्न) बघून सगळे भुकेले आले, मी गरम गरम पोळी थेट ताटात वाढत होते, वर तूप. आधी सकाळीच सगळ्या करून डब्यात भरायचे आणि सगळ्यांचं होईपर्यंत गार व्हायच्या, आता पंगत बसली की मी तव्यापाशी उभी, सासूबाई गुळवणी नि कटाची आमटी वाढतायत, पोरं "अजून एक" म्हणून ओरडतायत. सणाचा स्वयंपाक मला कधी ओझं वाटला नाही पण ह्या तव्याने लई मजा आणली बघा. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी तर विचारूच नका.

शेंगापोळीतला गूळ कधी फुटून बाहेर येतो आणि तव्याला चिकटून जळतो, तेव्हा गॅस बारीक करून उलथन्याने खरवडायचा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा. तापलेल्या बिडावर गार पाणी अजिबात ओतू नका, तडा जाऊ शकतो.

नवा आणल्यावर धुवून पुसून तेल लावायचं, तापवायचं, गार करायचं, परत तेल, असं आठवडाभर केलं, मधनं तेलात बुडवलेला अर्धा कांदा घासायचा. सुरुवातीला रोजच्या चपात्या नि धिरडीच केली, सणाला लगेच काढला नाही. चिंच-टोमॅटोचं काही ह्याच्यात शिजवू नका, तेलाचा थर जातो. धुतला की लगेच पुसून गॅसवर कोरडा करायचा नि तेलाचा हात फिरवायचा, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर गंज आलाच समजा.

वजनाला मात्र जड आहे, सासूबाईंना एका हाताने उचलत नाही, तव्याचे कान तापतात म्हणून जाड फडकं जवळ ठेवावंच लागतं, आणि तापायला वेळ घेतो, पोळ्या लाटायला घेतानाच गॅसवर चढवा. १२ इंची घेणार असाल तर शेगडीचा बर्नर मोठा आहे का ते बघा, छोट्या बर्नरवर मधे करपतं आणि कडेला पोळी कच्ची राहते, तसं असेल तर १० इंचीच घ्या.